ईमॅक्समध्ये आभासी मजकूर दाखवताना कर्सर नेमक्या अक्षरावर कसा ठेवावा?

नोंदवही (धरमपेठ, नागपूर)

नमस्कार मंडळी,

कळमना बाजारातील काही अडत्यांकडच्या जुन्या आवक-पावत्या साध्या मजकुराच्या स्वरूपात उतरवून घेण्याचे काम सध्या आमच्याकडे सुरू आहे. प्रत्येक ओळीत तारीख, तालुका, गाव, माल आणि वजन असा क्रम असतो. नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत, त्यामुळे काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर ही नावे पुन्हा पुन्हा टंकावी लागतात. म्हणून मी ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी, त्याच्या इलिस्प या भाषेत, एक लहानसा मोड (जोड-सुविधा) लिहिते आहे. टंकणाऱ्याने ‘कळ’ एवढे लिहिले की पुढचे ‘मेश्वर’ आभासी मजकूर म्हणून फिकट राखाडी रंगात दिसावे आणि टॅब दाबल्यावर ते खऱ्या मजकुरात यावे, एवढीच अपेक्षा आहे.

त्यासाठी पॉइंटवर, म्हणजे पुढचे अक्षर जिथे उमटेल त्या जागी, शून्य लांबीचा ओव्हरले (मजकुरावर चढवलेला दिखाऊ थर) तयार करून त्याच्या ‘आफ्टर-स्ट्रिंग’ प्रॉपर्टीत (गुणधर्मात) उरलेली अक्षरे ठेवली आहेत. सूचना व्यवस्थित दिसते, परंतु कर्सर ‘कळ’ नंतर न थांबता ‘मेश्वर’ च्याही पलीकडे जाऊन उभा राहतो. टंकणाऱ्याला वाटते की शब्द पूर्ण झाला, आणि तो सरळ स्वल्पविराम देऊन गावाच्या नावाकडे वळतो. ‘आफ्टर-स्ट्रिंग’ ऐवजी ‘बिफोर-स्ट्रिंग’ वापरले तरी फरक पडत नाही. पॉइंटच मागे नेला तर पुढचे अक्षर भलत्या जागी उमटते, तेव्हा तो मार्ग नक्कीच नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कर्सर आभासी मजकुराच्या सुरुवातीला कसा ठेवावा? या कामासाठी ‘कर्सर’ नावाची एक टेक्स्ट प्रॉपर्टी (अक्षराला जोडलेला गुणधर्म) आहे असे दिसते, पण तिला कोणी ‘टी’ (इलिस्पमधील ‘खरे’) ही किंमत देतात, तर कोणी १ हा आकडा देतात. या दोहोंत फरक काय? आणि उजव्या बाणाने आभासी मजकुरात एकेक अक्षर पुढे सरकता येईल का, म्हणजे सूचनेचा अर्धाच भाग घ्यायचा असेल तर घेता येईल?

जुना लिस्पकार (महाल, नागपूर)

ताई, आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही मुळापासून देतो.

पॉइंट ही बफरमधील, म्हणजे संपादनासाठी उघडलेल्या मजकुरातील, जागा आहे आणि कर्सर ही पडद्यावरची खूण आहे. एरवी या दोन गोष्टी एकाच ठिकाणी दिसतात, त्यामुळे त्या एकच आहेत असे आपण धरून चालतो. ओव्हरलेमधून दाखवलेली स्ट्रिंग (अक्षरांची माळ) मात्र बफरमध्ये नसतेच. ती फाइलमध्ये जतन होत नाही, शोधात सापडत नाही, अनडूच्या इतिहासातही येत नाही. ‘मेश्वर’ मधील एकाही अक्षराला बफरमधली स्वतःची जागा नाही. त्यामुळे पॉइंट ‘ळ’ नंतर असताना पडद्यावर एका जागेसाठी अनेक उमेदवार तयार होतात: स्ट्रिंगचे पहिले अक्षर, मधली अक्षरे, आणि स्ट्रिंग संपल्यावर येणारे बफरमधले खरे अक्षर. पडदा रंगवणारे यंत्र पॉइंटशी तंतोतंत जुळणारे खरे अक्षर शोधते. ते अक्षर स्ट्रिंगच्या पलीकडे असते, म्हणून कर्सर तिथे जाऊन बसतो. यात ओव्हरलेचा दोष नाही. आपल्याला काय हवे आहे हे यंत्राला कोणी सांगितलेलेच नाही.

ते सांगण्याची अधिकृत जागा म्हणजे आपण उल्लेखलेली ‘कर्सर’ प्रॉपर्टी. ती ओव्हरलेला द्यायची नसून ओव्हरलेमध्ये ठेवलेल्या स्ट्रिंगमधल्या एखाद्या अक्षराला द्यायची असते. आपल्या उदाहरणात ‘मेश्वर’ ही स्ट्रिंग घ्यावी, ‘पुट-टेक्स्ट-प्रॉपर्टी’ ने ० ते १ या टप्प्यावर ‘कर्सर’ ची किंमत १ ठेवावी आणि मगच ती स्ट्रिंग ‘आफ्टर-स्ट्रिंग’ म्हणून द्यावी. कर्सर ‘मे’ वर येईल, पॉइंट होता तिथेच राहील आणि पुढचे टंकलेले अक्षर बरोबर ‘ळ’ नंतर उमटेल.

आता ‘टी’ आणि आकडा यांविषयी. किंमत पूर्णांक नसेल तर कर्सर त्या अक्षरावर येतो तो मर्यादित प्रसंगीच: पॉइंट ‘डिस्प्ले’ प्रॉपर्टीच्या आरंभाशी असेल तेव्हा, किंवा ओव्हरलेच्या आरंभाची जागा पडद्यावर प्रत्यक्ष दिसत नसेल आणि पॉइंट तिथे असेल तेव्हा. किंमत ‘न’ हा एखादा पूर्णांक असेल तर ओव्हरलेच्या आरंभापासून ‘न’ जागांपर्यंत, शेवटची जागा सोडून, पॉइंट कुठेही असला तरी कर्सर त्याच अक्षरावर दाखवला जातो. म्हणजे १ या किमतीचा अर्थ ‘फक्त ओव्हरलेच्या आरंभाची जागा’ असा होतो. शिवाय ईमॅक्सच्या ‘एक्सडिस्प’ या सी फाइलमध्ये कर्सरची जागा ठरवणारे जे फंक्शन आहे, त्यातील टिपणीत स्पष्ट लिहिले आहे की पूर्णांक किंमत तंतोतंत जुळणीच्या नियमावर मात करते. आपल्या नोंदींत सूचना ओळीच्या मध्यभागी येते आणि तिच्यापुढे खरी अक्षरे असतात, तेव्हा ‘टी’ वर विसंबू नये, पूर्णांकच द्यावा. आयकम्प्लीट या ईमॅक्समधील नावे सुचवणाऱ्या सोयीत ‘टी’ ने भागते, कारण तिथे सूचना मिनिबफरच्या (पडद्याच्या तळाशी आदेश लिहिण्याच्या ओळीच्या) अगदी शेवटी असते आणि तिच्यापुढे बफरचे कोणतेच अक्षर नसते. आपण पाहिलेल्या उदाहरणांत दोन किमती दिसण्यामागचे कारण बहुधा हेच असावे.

तिसऱ्या प्रश्नावर माझे मत थोडे कडक आहे. ‘कर्सर’ प्रॉपर्टी एका अक्षरावरून काढून पुढच्या अक्षरावर ठेवत गेल्यास आभासी मजकुरात कर्सर चालत असल्याचा देखावा नक्की उभा करता येतो. परंतु तो तिसऱ्या अक्षरावर दिसत असताना कोणी कळ दाबली तर अक्षर उमटेल ते सूचनेच्या आधी, कारण पॉइंट तिथे आहे. टंकणाऱ्याचा डोळा जिथे आहे तिथेच पुढचे अक्षर पडले पाहिजे, हा संपादकाने पाळायचा पहिला करार आहे, आणि तो मोडू नये असे मला मनापासून वाटते. उजव्या बाणाला वेगळी कमांड बांधावी. तिने सूचनेतला पहिला तुकडा खरोखर बफरमध्ये घालावा आणि उरलेल्या भागासाठी ओव्हरले नव्याने रचावा. अर्धी सूचना घेता येईल, आणि कर्सर व पॉइंट यांची फारकतही होणार नाही.

इतवारीचा टंककार (इतवारी, नागपूर)

वरच्या उत्तराला दोन गोष्टी जोडतो, कारण दोन्ही प्रत्यक्ष लिहिताना हमखास आडव्या येतात.

पहिली गोष्ट रिकाम्या स्ट्रिंगची. टंकणाऱ्याने ‘सावनेर’ पूर्ण लिहिले की सूचनेत काहीच उरत नाही, आणि रिकाम्या स्ट्रिंगवर ० ते १ या टप्प्यात प्रॉपर्टी लावायला गेल्यास ईमॅक्स मर्यादेबाहेरच्या आकड्याची त्रुटी दाखवतो. ही त्रुटी ‘पोस्ट-कमांड-हुक’ मध्ये, म्हणजे प्रत्येक कमांडनंतर चालवायच्या फंक्शनांच्या यादीत, आली तर ईमॅक्स आपले फंक्शनच त्या हुकमधून काढून टाकतो, आणि मग सूचना येणे का थांबले याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे लांबी तपासूनच पुढे जावे.

दुसरी गोष्ट मूळ यादीतल्या स्ट्रिंगची. ‘पुट-टेक्स्ट-प्रॉपर्टी’ दिलेल्या स्ट्रिंगमध्येच बदल करते. ‘सबस्ट्रिंग’ ने कापलेला तुकडा नवा असल्याने तिथे धोका नाही, पण तालुक्यांच्या यादीतले संपूर्ण नाव जसेच्या तसे दाखवायची वेळ आली आणि त्यावर थेट प्रॉपर्टी लावली, तर ती यादीतल्या नावाला कायमची चिकटते. पुढे तेच नाव वेगळ्या ओव्हरलेमध्ये वापरले की कर्सर अनपेक्षित ठिकाणी उभा दिसतो. ‘कॉपी-सीक्वेन्स’ ने प्रत काढावी किंवा ‘प्रॉपर्टाइझ’ वापरावे, कारण ते नेहमी नवी स्ट्रिंग देते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ईमॅक्स ३०.१ मध्ये ‘कम्प्लीशन-प्रीव्ह्यू-मोड’ हा मोड मूळ वितरणातच आहे. आपल्याला हवे आहे ते बहुतांशी तो करतो. तो जसाच्या तसा वापरणे शक्य नसले तरी त्याचा सोर्स वाचावा. ओव्हरले कधी रचायचा, कधी काढायचा आणि पहिल्या अक्षराला ‘कर्सर’ प्रॉपर्टी कशी द्यायची, हे त्यात फार स्वच्छपणे लिहिलेले आहे.

नोंदवही (धरमपेठ, नागपूर)

दोघांचेही मनापासून आभार. पूर्णांक किंमत देताच ‘कळ’ नंतरचा कर्सर जागेवर आला आणि टंकणाऱ्यांचा गोंधळ थांबला. अर्धी सूचना घेण्याविषयीचे मतही पटले. बाणासाठी वेगळी कमांडच लिहिणार आहे.

तरीही एक अडचण उरली आहे, आणि ती देवनागरीचीच असावी. कोणी ‘काट’ एवढे टंकले की उरलेली सूचना ‘ोल’ अशी होते, म्हणजे तिचे पहिले चिन्ह सुटी मात्रा असते. ती मात्रा ‘ट’ ला जोडली न जाता ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते आणि कर्सर त्या वर्तुळावर उभा राहतो. ‘कळमेश्’ पर्यंत टंकल्यावर तर ‘श्’ पाय मोडलेला दिसतो आणि पुढे सुटा ‘वर’ येतो. टॅब दाबल्यावर दोन्ही शब्द व्यवस्थित जुळतात, परंतु तोवर जे दिसते ते वाचवत नाही. आमच्याकडील मंडळी इनस्क्रिप्ट या कळफलक-मांडणीने टंकतात, त्यामुळे मात्रेच्या आधी क्षणभर थांबणे प्रत्येक शब्दात घडते.

अक्षरजुळणी (धंतोली, नागपूर)

ही अडचण खरी आहे, आणि रोमन लिपीत काम करणाऱ्यांच्या ती ध्यानातही येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ईमॅक्स अक्षरांची जुळणी एकतर बफरमधल्या मजकुराच्या आत करतो किंवा एका स्ट्रिंगच्या आत करतो. बफरमधला ‘ट’ आणि ओव्हरलेमधली ओकाराची मात्रा या दोघांना तो एकत्र आणत नाही. मधली सीमा ओलांडली जात नसल्याने मात्रेला आधार मिळत नाही. ‘कर्सर’ प्रॉपर्टी कुठेही ठेवली तरी हे सुटणार नाही, कारण मुळात तुकडा चुकीच्या जागी तोडलेला आहे. ‘कळमेश्वर’ या शब्दात ८ संकेतांक (संगणक साठवतो ती सुटी चिन्हे) आहेत, पण डोळ्यांना दिसणारे अक्षरसमूह ५ आहेत: क, ळ, मे, श्व, र. आपल्याला तोडायचे आहे ते या समूहांच्या सीमेवर.

म्हणून अशा प्रसंगी शून्य लांबीचा ओव्हरले पुरत नाही. पॉइंटच्या अलीकडचा अपुरा अक्षरसमूह ओव्हरलेखाली घ्यावा आणि ‘आफ्टर-स्ट्रिंग’ ऐवजी ‘डिस्प्ले’ प्रॉपर्टी वापरून त्याच्या जागी पूर्ण रूप दाखवावे. ‘काट’ च्या बाबतीत ओव्हरले फक्त ‘ट’ वर असेल आणि त्याच्या जागी ‘टोल’ दिसेल. ‘ट’ चा रंग नेहमीचा ठेवायचा आणि मात्रा फिकट करायची असा मोह होतो, पण एकाच समूहात दोन फेस (रंगरूपे) दिले की जुळणी पुन्हा तुटते, तेव्हा ‘टो’ हा पूर्ण समूह एकाच रंगात ठेवावा. आमच्याकडे तो नेहमीच्या रंगात ठेवून खाली बारीक रेघ देतात आणि ‘ल’ पासून पुढे फिकट रंग सुरू होतो. वाचायला हे सर्वांत सुखाचे वाटले.

आता कर्सर. तो ‘ल’ वर यायला हवा, म्हणजे ‘टोल’ या स्ट्रिंगमधील तिसऱ्या चिन्हावर प्रॉपर्टी द्यावी. इथे १ ही किंमत चालत नाही. ओव्हरलेचा आरंभ ‘ट’ च्या आधी आहे आणि पॉइंट ‘ट’ च्या नंतर आहे. १ दिल्यास व्याप्ती फक्त ‘ट’ च्या आधीच्या जागेपुरती राहते आणि पॉइंट तिच्याबाहेर पडतो. त्यामुळे किंमत २ लागते. ‘कळमेश्’ च्या बाबतीत ओव्हरलेखाली ‘श’ आणि हलन्त असे दोन संकेतांक येतात, दाखवायची स्ट्रिंग ‘श्वर’ होते, कर्सर ‘र’ वर ठेवायचा असतो आणि किंमत ३ लागते. सर्वसाधारण नियम असा की ओव्हरलेखाली जितके संकेतांक घेतले त्यात एक मिळवावा. पूर्णांकाची सोय नेमक्या अशाच कामासाठी आहे, आणि देवनागरीत तिचा उपयोग सर्वांत अधिक होतो असे माझे मत आहे.

प्रॉपर्टी नेहमी अक्षरसमूहाच्या पहिल्या चिन्हावर द्यावी, कधीही मात्रेवर किंवा हलन्तावर देऊ नये. समूह पडद्यावर एकसंध आकार म्हणून येतो आणि यंत्र त्याची ओळख आरंभीच्या चिन्हावरूनच ठेवते. समूहांच्या सीमा शोधण्यासाठी ईमॅक्स २९ पासून ‘स्ट्रिंग-ग्लिफ-स्प्लिट’ हे फंक्शन उपलब्ध आहे. उजव्या बाणाने एकेक तुकडा घेण्याची जी कमांड आपण लिहिणार आहात, तिच्यातही तेच वापरावे, म्हणजे अर्धवट ‘श्’ कधी बफरमध्ये शिरणार नाही. एवढे करायचे नसेल तर उरलेल्या सूचनेच्या पहिल्या चिन्हाचा सामान्य वर्ग ‘गेट-कॅर-कोड-प्रॉपर्टी’ ने पाहावा आणि तो ‘एमसी’ किंवा ‘एमएन’ आला, म्हणजेच मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त असला, तर त्या क्षणी सूचना दाखवूच नये. एका कळीनंतर ती पुन्हा येते. मात्र टंकलेल्या भागाचे शेवटचे चिन्ह हलन्त असेल तेव्हाही थांबायला हवे, नाहीतर मोडलेला ‘श्’ तसाच दिसत राहील.

आणखी एक सावधगिरी. ‘डिस्प्ले’ प्रॉपर्टीखाली झाकलेल्या मजकुराच्या मध्ये पॉइंट गेला की कमांड संपताच ईमॅक्स त्याला काठावर ढकलतो. सूचनेचा ओव्हरले ‘पोस्ट-कमांड-हुक’ मध्ये पॉइंट हलताच काढून टाकला तर याची बाधा होत नाही. ओव्हरले टिकवून ठेवायचाच असेल तर संबंधित कमांडमध्ये ‘डिसेबल-पॉइंट-ॲडजस्टमेंट’ हे व्हेरिएबल खरे करावे लागते, पण सूचनांसाठी त्याची गरज पडू नये.

त्रिमूर्तीनगरवासी (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

निओव्हिम हा दुसरा मजकूर-संपादक वापरणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात नोंद करतो. २०२४ मध्ये आलेल्या ०.१० या आवृत्तीपासून तिथेही ओळीच्या मध्ये आभासी मजकूर दाखवता येतो. तो एक्स्टमार्कला (मजकुरातील जागेच्या खुणेला) जोडलेला असतो. परंतु आभासी मजकुरातले अमुक अक्षर निवडून त्यावर कर्सर ठेवण्याची सोय त्या रचनेत नाही. मार्क कोणत्या स्तंभावर आहे आणि त्याचे गुरुत्व (तो कोणत्या बाजूला चिकटतो ते) डावे आहे की उजवे, एवढेच आपल्या हाती राहते. ईमॅक्समधील वरची युक्ती तिकडे जशीच्या तशी नेता येत नाही.

नोंदवही (धरमपेठ, नागपूर)

धंतोलीच्या ताईंनी सांगितलेली ‘डिस्प्ले’ ची पद्धत लागू केली. ‘काट’ आणि ‘कळमेश्’ दोन्ही ठिकाणी अक्षरे जुळलेली दिसतात आणि कर्सर अनुक्रमे ‘ल’ वर व ‘र’ वर थांबतो. ‘पारशिवनी’ मध्ये ‘पारश’ नंतर ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या डावीकडे उमटतो, तिथे काही बिघडेल अशी शंका होती. पण समूह एकसंध असल्याने ‘शि’ नीट दिसते आणि कर्सर ‘व’ वर येतो.

आता एवढेच विचारायचे आहे की तीच फाइल दोन खिडक्यांत उघडलेली असताना सूचना दोन्हीकडे दिसते. वरच्या खिडकीत आम्ही आधीच्या नोंदी ताडून पाहतो, तिथे ती नको आहे. शिवाय मालाच्या शेऱ्यासाठी दोन ओळींची सूचना द्यायची आहे, तिची सुरुवातच नव्या ओळीने होते आणि तिथे कर्सर पुन्हा भरकटतो.

जुना लिस्पकार (महाल, नागपूर)

दोन्हींची उत्तरे सोपी आहेत. ओव्हरलेला ‘विंडो’ नावाची प्रॉपर्टी देऊन तिची किंमत ‘सिलेक्टेड-विंडो’ ठेवावी, म्हणजे तो ओव्हरले फक्त त्याच खिडकीत दिसेल. मोडमध्ये ओव्हरले एकदाच रचून पुन्हा पुन्हा हलवला जात असेल, तर ही किंमत प्रत्येक वेळी नव्याने द्यावी, कारण टंकणारा मधेच खिडकी बदलू शकतो.

नव्या ओळीच्या चिन्हावर ‘कर्सर’ प्रॉपर्टी चालत नाही, आणि हे ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्येच नमूद आहे: त्या चिन्हाला पडद्यावर स्वतःचा आकार नसतो, त्यामुळे यंत्राला शोधायला काही सापडतच नाही. अशा सूचनेच्या आरंभी एक रिकामी जागा जोडावी, ‘कर्सर’ प्रॉपर्टी त्या रिकाम्या जागेवर ठेवावी आणि किंमत १ द्यावी. टॅबने सूचना स्वीकारताना मात्र ती जागा वगळूनच मजकूर बफरमध्ये घालावा. त्यासाठी दाखवायची स्ट्रिंग आणि घालायची स्ट्रिंग ही दोन वेगळी मूल्ये म्हणून जपावीत, आणि दुसरे मूल्य ओव्हरलेवरच स्वतःच्या नावाच्या प्रॉपर्टीत ठेवावे, म्हणजे ओव्हरले काढला की दोन्ही एकदमच जातात.